निदान पान उलटून पाहा

मराठीत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दवाखान्यातला, म्हणजे रोग ओळखणे. दुसरा आपल्या रोजच्या बोलण्यातला : 'निदान विचारून तरी घे', 'निदान दोन घास तरी खा'. उर्दूत रोग ओळखण्याला 'तशखीस' म्हणतात, आणि ज्या मुळापासून हा शब्द आला त्याच मुळापासून 'शख्स' हा शब्दही आला आहे. शख्स म्हणजे एक वेगळी, ओळखता येणारी व्यक्ती. या दोन भाषा शिकवता शिकवता आमची निम्मी नोकरी झाली आणि हे शब्द आम्ही वर्गात पुष्कळदा फळ्यावर लिहिले. पण रोग ओळखायचा तर आधी समोरच्याला एकेकटं ओळखावं लागतं, आणि निदान एवढं तरी करावंच लागतं, हे आमच्या घरात यंदा मिरचीच्या रोपांनी शिकवलं.

आपल्यापैकी बऱ्याच घरांना आता अंगण राहिलेलं नाही. कराड, इस्लामपूर, मिरज, जालना, परभणी अशा गावांकडची माणसं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आली आणि अंगण खिडकीत आलं. दह्याचे डबे, रंगाच्या बादल्या, तेलाचे कापलेले कॅन यांत पुदिना, कोथिंबीर, कोरफड, एखादी मिरची. बी टाकलं की आठवड्या-दीड आठवड्यात कोंब येतो आणि घर खूश होतं. मग महिन्याभरानं कुणीतरी म्हणतं, "अगं, पानं मुरडल्यासारखी का दिसताहेत?" तिथून घरात जितकी माणसं तितके हकीम तयार होतात.

आमच्या घरी या प्रश्नाला जरा जास्त वजन होतं. अब्बांच्या जाण्यानंतर अम्मांना आम्ही गावाहून पुण्याला आणलं. वय बहात्तर, गुडघे धरलेले, रक्तदाबाची गोळी रोजची. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत आयुष्य गेलेलं. इथं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक किचन आणि पश्चिमेकडची एक मोठी खिडकी. पहिले दोन महिने त्या सोफ्याच्या कडेला बसून असायच्या, जशी बस यायची वाट पाहताहेत. जानेवारीत गावाकडून येणाऱ्या एका भाच्याबरोबर त्यांनी स्वतःच्या घरचं बी मागवून घेतलं. वाळलेल्या लाल मिरच्या, फडक्यात बांधलेलं टोमॅटोचं बी आणि थोडं वांग्याचं. पेरताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "रोपां लगी तो रैती मैं, नै तो गाव को जाती."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावचं घर बंद आहे. शेजारी माणसं चांगली आहेत, पण रात्री छातीत दुखलं तर उठवायला कुणी नाही. अम्मा बोलल्या की करतात, हे आम्हाला माहीत होतं. तेव्हा त्या तीस डब्यांवर आमच्या घरात काय काय टांगलेलं होतं, ते वाचकांच्या लक्षात आलं असेल.

सोळा डबे मिरचीचे, दहा टोमॅटोचे, चार वांग्याचे. नर्सरीतून आणलेलं कोकोपीट आणि गांडूळखत यांचं मिश्रण. सुरुवात छान झाली. पुण्याच्या थंडीत टोमॅटोच्या पानांची पाठ जांभळट दिसू लागली तेव्हा धाकटा घाबरला, पण ती थंडीची खूण होती. गारठ्यात मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही, म्हणून पानांच्या पाठीवर आणि शिरांवर जांभळी झाक येते. फेब्रुवारीत ऊब आली आणि नवी पानं हिरवीगार आली. तोवर अम्मा सोफ्यावरून उठून खिडकीशी बसू लागल्या होत्या.

फेब्रुवारी संपता संपता मात्र तीन-चार गोष्टी एकदमच झाल्या. आतल्या ट्रेमधल्या सहा टोमॅटोंची खालची पानं पिवळी पडून लोंबू लागली. खिडकीच्या कट्ट्यावरच्या आठ मिरच्यांची शेंड्याची पानं वर वळून होडीसारखी झाली. काचेजवळच्या दोन टोमॅटोंच्या पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे आले. नव्यानं आणलेल्या मोगऱ्याची कोवळी पानं फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या. उरलेल्या आठ मिरच्या बऱ्या होत्या, आणि चार वांग्यांना तर काहीच झालं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या खालांनी सांगितलं, नजर लागली आहे. फोनवरून एका नातलगानं सांगितलं, चिमूटभर युरिया टाका, आठवड्यात हिरवं होईल. औषधांच्या दुकानदारानं एक बाटली काढली आणि म्हणाला, हे मारा, सगळं साफ होतं. थोरली म्हणाली, पाणी कमी पडतंय. धाकटा म्हणाला, पाणी जास्त होतंय.

नजरेचं उत्तर अम्मांनीच दिलं. खाला गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "नजर लागली असती तर वांग्याला का नाही लागली? त्याच खिडकीत आहे की."

आमच्या मते त्या दिवशीचं सगळ्यांत शहाणं वाक्य हेच. काय बिघडलं हे पाहताना काय बिघडलेलं नाही तेही पाहायचं असतं. एकाच खिडकीतली, एकाच मिश्रणातली चार रोपं ठणठणीत असतील तर दोष सगळ्या घरात नाही, कुठल्या तरी एका जागेत आहे. दुकानदाराची बाटली आम्ही घेतलीच नाही. ज्या खोलीत मुलं झोपतात, जिथं एक वयस्क माणूस दिवसभर बसून असतं, तिथं शेतावरचं औषध फवारणं हा इलाज नव्हे. युरियाही थांबवला. मूळ दुखावलेलं असताना वरून खत देणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसापुढे बिर्याणीचं ताट ठेवण्यासारखं आहे. खतातल्या क्षारांनी ते मूळ आणखी पोळतं.

त्या रविवारी आम्ही सगळे खिडकीशी बसलो. थोरलीनं वही घेतली. शाळेतलं जुनं भिंग घरी होतं, ते काढलं. वहीत पाच प्रश्न लिहिले आणि प्रत्येक डब्यासमोर त्यांची उत्तरं. ते प्रश्न इथं देतो, कारण कुणाच्याही खिडकीत ते चालतील.

पहिला प्रश्न, कुठलं पान आजारी आहे, जुनं की नवं? हा फरक फार मोलाचा आहे. नत्र हे असं अन्नद्रव्य आहे की कमी पडलं तर झाड ते जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं. म्हणून नत्राची कमतरता खालच्या, म्हाताऱ्या पानांवर दिसते. ती सगळीकडून सारखी पिवळी पडतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथं जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. पालाश कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा करपतात. लोहाचं मात्र उलट. ते एकदा जुन्या पानात गेलं की झाडाला सहसा तिथून हलवता येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

थोरली हे पुस्तकातून वाचून दाखवत होती. अम्मा म्हणाल्या, "म्हणजे जुनं पान आपल्या ताटातलं उचलून पोराला देतं म्हण की." आम्ही कुणीच काही बोललो नाही. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं.

दुसरा प्रश्न, पान कुठल्या बाजूला वळलं आहे? मिरचीचं पान कडांनी वर वळून होडीसारखं झालं तर संशय फुलकिड्यांवर. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी झाली आणि देठ लांबला तर संशय कोळी नावाच्या अतिसूक्ष्म किडीवर, ती नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. पानं बारीक, जाड, गुच्छासारखी होऊन रोपाची वाढच थांबली तर तो विषाणूचा चुरडामुरडा असू शकतो. आपल्याकडचे शेतकरी त्याला बोकड्याही म्हणतात. तो पांढरी माशी पसरवते. टोमॅटोची खालची पानं मात्र कधी कधी नुसत्या कडक उन्हानं किंवा पाण्याच्या कमी-जास्तीनं वर गुंडाळतात, जाडसर होतात आणि तरी रोप ठणठणीत असतं. तिथं काहीच करायचं नसतं.

तिसरा प्रश्न, पानाच्या पाठीवर काय आहे? आपण झाडाकडे वरून बघतो आणि किडी खालून राहतात. पान उलटल्याशिवाय मावा, पांढरी माशी, कोळ्याची जाळी यातलं काही दिसत नाही. एक साधी युक्ती आहे. पानाखाली कोरा पांढरा कागद धरायचा आणि फांदीला हलकी टिचकी मारायची. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती धूळ नव्हे.

चौथा प्रश्न, डबा जड आहे की हलका? वरची माती कोरडी दिसते यावरून काही कळत नाही. कोकोपीट वरून वाळतं आणि तळाशी चिंब असतं. बोटाची दोन पेरं आत घालून बघावं, आणि त्याहून सोपं म्हणजे डबा उचलून बघावा.

पाचवा प्रश्न, या जागेत अलीकडे काय बदललं? नवं झाड आलं, पडदा काढला, पंख्याची दिशा बदलली, पाणी बदललं. रोप चालत नाही, बोलत नाही, त्याच्यासाठी जागा हेच नशीब असतं.

वहीत उत्तरं भरत गेली आणि एका रोगाऐवजी चार निघाले.

काचेजवळच्या दोन टोमॅटोंचं उत्तर पाचव्या प्रश्नात सापडलं. पडदा धुवायला काढला होता आणि चार दिवस खिडकी उघडी होती. पश्चिमेचं दुपारचं ऊन काचेतून थेट कोवळ्या पानांवर आलं. पांढरे कागदी चट्टे नेमके उन्हाकडच्या बाजूला होते, मागची पानं धड होती. हे उन्हानं भाजणं. औषध एकच, रोप थोडं आत घ्यायचं आणि मग सकाळच्या कोवळ्या उन्हात रोज थोडं थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत सवय लावायची.

कट्ट्यावरच्या मिरच्यांखाली कागद धरून टिचकी मारली तेव्हा सुईच्या टोकाएवढे, लांबट, पिवळसर जीव चालू लागले. भिंगातून धाकट्यानं पाहिलं आणि किंचाळला. फुलकिडे. ते पान खरवडून रस पितात, म्हणून पानावर चंदेरी रेघा येतात आणि कोवळं पान वाढताना वाकडं होतं. आले कुठून? आठही डबे मोगऱ्याच्या शेजारी होते, आणि मोगऱ्याच्या कळ्या उकलल्या तर त्यांतही तेच. नर्सरीतून आणलेल्या झाडाबरोबर पाहुणे आले होते. नवं झाड घरी आणलं की पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवावं, हा नियम आता आमच्या घरी पक्का झाला आहे. मोगरा त्याच दिवशी जिन्यातल्या खिडकीत गेला.

मोगऱ्याच्या फिकट पानांचं कारण वेगळं होतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमलेला. बोअरचं जड पाणी. अशा पाण्यानं माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. समोर ताट आहे, पण हात बांधलेले. त्याला पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच चिलेटेड लोह दिलं आणि कुंडीतून भरपूर साधं पाणी निथळू देऊन साठलेले क्षार धुऊन काढले.

राहिले आतल्या ट्रेमधले सहा टोमॅटो. त्यांचं कारण आम्हाला पहिल्याच नजरेत कळलं होतं, आणि तेच सांगणं अवघड होतं. अम्मा फजरनंतर एकदा आणि असरनंतर एकदा न चुकता पाणी घालायच्या. गावाकडे पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं. तिथं ऊन होतं, वारा होता, खाली जमीन होती. पाणी जिरायला जागा होती. इथं दह्याच्या डब्यात, सावलीच्या ट्रेमध्ये, पाणी जाणार कुठं? मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली सगळी भोकं पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, सडू लागतात, आणि सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून चिंब मातीत उभं असूनही रोप तहानेनं वाळल्यासारखं मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी घालतो. मायेनंच रोप बुडतं.

हे एका म्हाताऱ्या माणसाला, जिच्या हाताला गावात सगळे 'बरकतीचा हात' म्हणायचे, कसं सांगायचं? आणि तेही, जिनं 'रोपं लागली तरच राहीन' म्हटलेलं आहे तिला?

आम्ही सांगितलं नाही. धाकट्याला म्हटलं, दादीच्या हातात डबे दे आणि विचार कुठला जड. अम्मांनी ज्वारीचं कणीस हातावर तोलून दाणा भरला की नाही ते सांगितलेलं आम्ही पाहिलं आहे. त्यांनी आधी वांग्याचा डबा उचलला, मग टोमॅटोचा. मग परत वांग्याचा. चेहरा बदलला. "हा तर दगड आहे." मग न विचारता त्यांनी एक रोप मातीच्या गोळ्यासकट उपटलं, मुळं बोटांवर घेतली, नाकाशी नेली. पांढरी असायला हवी होती ती मुळं तपकिरी, बुळबुळीत होती. वरची साल निसटून आत दोऱ्यासारखी शीर राहत होती.

"सडलंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं हळूच, "माझ्याच हातानं."

थोरली वही मिटून म्हणाली, "हात तोच आहे दादी, माती बदलली."

अम्मा काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी असरनंतर त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला नाही. एकेक डबा उचलून पाहिला, दोनच डब्यांना पाणी दिलं आणि बाकीचे तसेच ठेवले.

त्या पोरीच्या वाक्यावर आम्ही नंतर बराच विचार केला. आपल्या घरांतून वडीलधारी माणसं शहरात येतात तेव्हा त्यांची पन्नास वर्षांची समज एका झटक्यात 'जुनी' ठरते. चूल पेटवणारी बाई इथं गॅसच्या लायटरला घाबरते आणि पोरं हसतात. तिची समज खोटी नसते, ती दुसऱ्या जमिनीत तयार झालेली असते. तिला थोडा वेळ आणि नव्या जमिनीची माहिती दिली तर तीच समज इथंही कामाला येते. ओलावा हाताच्या तोलावरून ओळखणं ही काही पुस्तकातली विद्या नव्हती, ती अम्मांची होती.

वर्गातही हेच पाहायला मिळतं. काही वर्षांपूर्वी सहावीत एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा, फळ्यावरचं उतरवून घेता घेता थांबायचा, शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. स्टाफरूममध्ये त्याच्यासाठी एकच शब्द होता, आळशी. एका डोळे तपासणी शिबिरात कळलं की त्याला फळा दिसतच नव्हता. चष्मा लागला आणि पुढच्या चाचणीत त्याचं पान भरलेलं होतं. 'आळशी' हे निदान नव्हतं, ते नुसतं पिवळं पान होतं. पिवळं पान ही खूण असते, कारण नसतं. एकाच खुणेमागे चार कारणं असू शकतात आणि चारही कारणांवर एकच बाटली ओतली तर तीन रोपं फुकट मरतात.

इलाज आम्ही एकेक करून केले, सगळे एकदम नाही. एकदम केले तर कशानं गुण आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात. सहा टोमॅटो काढून सडलेली मुळं कात्रीनं कापली, तळाला मोठी भोकं पाडलेल्या कोरड्या डब्यांत पुन्हा लावले, खालच्या ट्रेमधलं साचलेलं पाणी ओतून दिलं, आणि रोपं जास्त उजेडाच्या जागी, पण कडक उन्हाबाहेर ठेवली. मिरच्यांची जास्त मुरडलेली शेंडं खुडून पिशवीत बांधून टाकली. बाकीच्यांवर संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी, एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि ते मिसळावं म्हणून द्रव साबणाचे चार थेंब. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस पाहिलं, कोवळी पानं कधी कधी तेलानंही पोळतात. फवारा पानांच्या पाठीवर. फुलकिड्यांची अंडी पानाच्या आत असतात आणि कोषावस्था मातीत जाते, म्हणून एका फवारणीनं काम होत नाही. सहा-सहा दिवसांनी तीनदा केली. डब्यांमध्ये निळा चिकट सापळा उभा केला. फुलकिडे निळ्या रंगाकडे जास्त येतात आणि पांढरी माशी पिवळ्याकडे.

मग थांबणं आलं. रोपांच्या बाबतीत सगळ्यांत कठीण काम हेच. चार दिवस झाले की धाकटा विचारायचा, "पान हिरवं कसं होत नाही?" मुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नसतं. करपलेला चट्टा भरून येत नसतो. गुण आला की नाही हे जुन्या पानावर शोधायचं नसतं, शेंड्याला येणारं नवं पान कसं आहे ते पाहायचं असतं. ते सरळ आणि हिरवं आलं की समजावं, रोप सावरलं. आणि जुनी पानं लगेच तोडूही नयेत. अर्धं हिरवं पानसुद्धा रोपासाठी अन्न तयार करत असतं.

हे धाकट्याला समजावून सांगत होतो तेव्हा अम्मा जवळच बसल्या होत्या. अब्बा गेल्याला तेव्हा पाच महिने झाले होते.

सहापैकी दोन टोमॅटो गेले, त्यांना मुळंच उरली नव्हती. चार सावरले. आठपैकी सात मिरच्यांना मार्चच्या मध्याला सरळ पानं आली. आठवी मात्र तशीच राहिली. पानं बारीक, जाड, गुच्छासारखी, शिरा पिवळ्या. फुलकिडे संपले तरी ती सुधारली नाही. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते, पण सगळ्या खुणा विषाणूच्या होत्या आणि त्याला औषध नाही. ते रोप राहिलं तर एखादी पांढरी माशी त्याच्यावरून उडून बाकीच्या पंधरांवर बसेल. आम्ही कुणीच ते काढायला धजलो नाही. अम्मांनी काढलं. मुळासकट उपटून पिशवीत घातलं, तोंड बांधलं आणि कचऱ्यात टाकलं. साबणानं हात धुतले आणि म्हणाल्या, "बाकीच्यांसाठी." तीसपैकी सत्तावीस राहिली.

मार्चअखेर सहा रोपं आमच्या शाळेच्या परसबागेत गेली. दोन खालांना दिली, त्यांनी घेताना 'नजर' हा शब्द काढला नाही. त्या आता रोज संध्याकाळी येऊन अम्मांना आपल्या तुळतुळीत पानांचं कौतुक सांगतात आणि मध्येच विचारतात, "आज पाणी घालू का?" अम्मा विचारतात, "डबा उचलून बघितला का?"

मे महिन्यात अम्मा म्हणाल्या, गावाला जायचंय. आमच्या पोटात गोळा आला. आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. भाचा गाडी घेऊन आला. निघताना त्यांनी धाकट्याला खिडकीशी नेऊन कुठला डबा लवकर वाळतो आणि कुठला उशिरा ते बोटानं दाखवलं. कृष्णाकाठचं ते घर उघडून त्यांनी झाडून घेतलं, अब्बांच्या कबरीवर जाऊन आल्या, कौलं फुटली होती ती बघितली. पाचव्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. भाच्यानं डिकीतून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरलेली काळी माती काढली आणि जिन्यावरून तीन मजले चढवता चढवता घामाघूम झाला.

अम्मांनी बुरखा काढून खुंटीला अडकवला, पाणी प्यायल्या आणि पोत्यात हात घालून थोरलीला म्हणाल्या, "नुसती घालू नको हं. ही शेतात सोनं आहे, डब्यात चिखल होईल. निम्मं ते तुमचं कोकोपीट मिसळ, थोडी वाळू घाल. आणि तळाला भोकं मोठी पाड. जूनमध्ये गवार लावायची आहे."